प्राथमिक शाळेतील इंग्रजीचे अध्यापन : काही व्यवहार्य सूचना

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जात आहे. तत्पूर्वी पाचवीत सुरू होणारा हा विषय चार वर्षे अलीकडे आला, आणि जी जबाबदारी पूर्वी माध्यमिक शाळेतील पदवीधर शिक्षकाकडे असे, ती बहुतांशी खेड्यातील प्राथमिक शिक्षकाकडे आली. हे शिक्षक बहुधा स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले असतात. "आम्हालाच नीट बोलता येत नाही, तेथे मुलांना काय शिकविणार?" असा प्रश्न केंद्रसंमेलनातून अनेकदा ऐकू येतो. हा प्रश्न प्रामाणिक आहे व त्याचे उत्तर केवळ उपदेशाने देता येणार नाही. वर्गात उद्यापासून करता येतील अशा काही गोष्टी पुढे मांडल्या आहेत.

या विषयाकडे आस्थेने पाहण्याचे आणखी एक कारण आहे. पाल्यास इंग्रजी यावे, एवढ्या एका इच्छेने अनेक पालक त्यास गावच्या शाळेतून काढून दूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. घरी इंग्रजीचा गंध नसलेले मूल तेथे गणित आणि परिसर अभ्यासही न समजणाऱ्या भाषेत घोकू लागते, आणि पुष्कळदा त्याच्या हाती ना धड इंग्रजी लागते ना मराठी. मातृभाषेतून शिक्षण व त्याच्या जोडीला एक विषय म्हणून उत्तम इंग्रजी, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. परंतु पालकांचा या मार्गावर विश्वास बसावयाचा, तर गावच्या शाळेतील मुलाच्या तोंडून इंग्रजीची चार वाक्ये त्यांच्या कानी पडली पाहिजेत.

१. हाती काय राहील, हा पहिला प्रश्न

मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ अविभाजित बंगालात, ढाका येथे, दीर्घकाळ काम करीत होते. १९२६ साली त्यांनी या विषयावरील आपला विचार ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या असे लक्षात आले की, शाळेत इंग्रजी सुरू करणाऱ्या मुलांपैकी पुष्कळशी मुले मध्येच शाळा सोडतात, आणि अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्यांसाठी आखलेला असतो. यास्तव त्यांनी विम्याच्या व्यवहारातील एक कल्पना घेतली. विमा मुदतीपूर्वी बंद केला तरी भरलेल्या हप्त्यांच्या मानाने काही रक्कम परत मिळते. तद्वत भाषेचे शिक्षण कोणत्याही वर्षी थांबले, तरी तोवरच्या श्रमांचे काही मोल मुलाच्या हाती राहिले पाहिजे.

वेस्ट यांचा भर वाचनावर होता. त्यानंतरच्या अभ्यासकांनी श्रवण व संभाषण यांना अधिक महत्त्व दिले. तरीही त्यांची ही कसोटी आजही प्रत्येक शिक्षकाने आपल्या पाठास लावून पाहावी. चौथीतील मुलाने पाठ्यपुस्तकातील कविता तोंडपाठ म्हटल्या, परंतु बियाण्याच्या पिशवीवरील एक शब्द त्यास वाचता आला नाही, अथवा "व्हॉट इज युवर नेम?" या प्रश्नाचा क्रम थोडा बदलताच ते गप्प बसले, तर त्याच्या हाती फारच थोडे राहिले असे समजावे.

२. मुलांपाशी इंग्रजी आहेच

ग्रामीण मुलास इंग्रजीचा एकही शब्द येत नाही, ही समजूत खरी नाही. टेबल, पेन, बस, तिकीट, मोटर, पंप, ट्रॅक्टर, डॉक्टर, मोबाइल, बॅट, बॉल, कप, बटण, सायकल असे किती तरी शब्द ते शाळेत येण्यापूर्वीच वापरीत असते. पहिल्या आठवड्यात मुलांकडूनच असे शब्द काढून घ्यावेत व फळ्यावर मराठी अक्षरांत त्यांची यादी करावी. यादी पन्नासापर्यंत सहज जाते. आपणास इंग्रजी येते, ही जाणीव मुलाच्या मनातील भीती जितकी कमी करते, तितकी अन्य कशानेही होत नाही.

पहिली वाक्येही याच शब्दांवर रचावीत. "धिस इज अ पेन", "धिस इज अ बॉल", "धिस इज माय बॅग" या वाक्यांत वस्तूचा शब्द परिचित असल्याने मुलाचे सर्व लक्ष वाक्याच्या रचनेकडे राहते. एका वेळी एकच गोष्ट नवी असावी, हे तत्त्व येथे पाळले जाते.

३. आधी कान, मग जीभ

मूल आपली भाषा शिकते तेव्हा बोलण्यापूर्वी पुष्कळ काळ केवळ ऐकत असते. ऐकून समजते, पण बोलत नाही. परभाषा शिकतानाही हा मूक काळ मुलास द्यावा लागतो. अमेरिकेतील जेम्स ॲशर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आज्ञा व कृती यांवर आधारलेली पद्धती मांडली, ती याच निरीक्षणावर उभी आहे. शिक्षकाने आज्ञा द्यावी, स्वतः कृती करून दाखवावी व मुलांनी ती करावी. बोलण्याची सक्ती नसावी. "स्टँड अप", "सिट डाउन", "कम हियर", "ओपन द डोअर", "टच युवर नोज", "गिव्ह द बॉल टू सीता" अशा आज्ञांनी वर्ग हालता राहतो आणि अर्थ सांगावा लागत नाही, तो दिसतो.

आज्ञा नेहमीच्याच क्रमाने देऊ नयेत. क्रम पाठ झाला की मुले ऐकणे सोडतात. जुन्या आज्ञांची नवी जुळणी करावी. "टच द टेबल" आणि "ओपन द बुक" या दोन आज्ञा आल्यावर "टच द बुक" ही आज्ञा अचानक द्यावी. जे मूल ती बरोबर पाळते, त्यास वाक्य समजले. जे शेजाऱ्याकडे पाहते, त्यास अजून ऐकण्याची गरज आहे. परीक्षेवाचून होणारी ही परीक्षा होय.

शाळेच्या नित्यक्रमातही अशा संधी आहेत. हजेरीच्या वेळी, पोषण आहारापूर्वी हात धुताना, फळा पुसताना, खेळाचे साहित्य वाटताना ठरावीक इंग्रजी वाक्ये रोज वापरावीत. ज्या शिक्षकांना अस्खलित बोलता येत नाही, त्यांनी अशी दहा वाक्ये एका कागदावर लिहून काढावीत, जाणकाराकडून त्यांचे उच्चार तपासून घ्यावेत आणि तेवढीच पंधरा दिवस वापरावीत. पुढील पंधरवड्यास आणखी पाच जोडावीत. मुलांना शिक्षकाच्या इंग्रजीचा पूर लागत नाही. स्वच्छ पाण्याची नित्याची धार पुरते.

४. मराठी आणि इंग्रजी यांच्या ठेवणीतील भेद

मुलांच्या बहुतेक चुका अज्ञानाच्या नसून मराठीच्या सवयीच्या असतात. हे भेद शिक्षकास ठाऊक असले, तर चूक होण्यापूर्वीच तिचा बंदोबस्त करता येतो.

पहिला भेद शब्दांच्या क्रमाचा. मराठीत "राम आंबा खातो" असे क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते मध्ये येते. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय असल्याने शब्द मागेपुढे केले तरी अर्थ टिकतो. "मुलाला कुत्रा चावला" काय किंवा "कुत्रा मुलाला चावला" काय, चावणारा कुत्राच. इंग्रजीत "द डॉग बिट द बॉय" या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल केली, तर मुलगाच कुत्र्यास चावला असा अर्थ होतो. हे फळ्यावर समजावून सांगण्यापेक्षा मुलांनाच शब्द करावे. प्रत्येकाच्या हाती एक शब्दपट्टी देऊन मुलांना ओळीत उभे करावे, दोघांच्या जागा बदलाव्यात आणि वाक्य पुन्हा वाचवावे. वर्ग हसतो, आणि क्रमाचे महत्त्व कायमचे ठसते. याच रीतीने "टेबलावर" या एका शब्दातील "वर" इंग्रजीत आधी येऊन कसा उभा राहतो, "ऑन द टेबल", हेही दाखविता येते.

दुसरा भेद लिंगाचा. आपल्याकडे तो दगड, ती खुर्ची, ते झाड. त्यामुळे मूल खुर्चीस "शी" म्हणते. निर्जीव वस्तू सर्व "इट", एवढाच नियम सांगून पुष्कळ उदाहरणे घ्यावीत. उलट काही ठिकाणी इंग्रजी मराठीहून सोपी आहे. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले घर यांतील विशेषण मराठीत बदलते, इंग्रजीत मात्र सर्वत्र "गुड" हा एकच शब्द. अशा सोप्या जागाही मुलांना आवर्जून दाखवाव्यात.

तिसरा भेद "हॅव" या क्रियापदाचा. मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द नाही. "मला दोन बहिणी आहेत", "माझ्याजवळ पेन आहे", "मला ताप आहे" या तिन्ही वाक्यांना इंग्रजीत "आय हॅव" हीच सुरुवात लागते. येथे शब्दास शब्द लावून भाषांतर केले की वाक्य मोडते. म्हणून "आय हॅव" हा तुकडा अखंडच शिकवावा.

चौथा भेद प्रश्नाचा. मराठीत विधानापुढे "का" लावला की प्रश्न तयार होतो. इंग्रजीत "धिस इज युवर बुक" याचा प्रश्न करताना "इज" पुढे येतो. वर सांगितलेल्या शब्दपट्ट्यांच्या खेळात "इज" धरलेल्या मुलाने ओळीच्या आरंभी धावत जावे. ही धाव मुले विसरत नाहीत.

उच्चाराच्या बाबतीत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी बोलण्यात ऱ्हस्व व दीर्घ इकाराने सहसा अर्थ बदलत नाही; इंग्रजीत "शिप" म्हणजे जहाज व "शीप" म्हणजे मेंढी. अशा जोड्या एकामागून एक ऐकवून मुलांना योग्य चित्राकडे बोट दाखवावयास सांगावे. दुसरे म्हणजे शब्दातील आघात. इंग्रजीत एका अवयवावर जोर येतो. तो टाळीने दाखवावा. अस्सल उच्चार ऐकविण्यासाठी मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाचा उपयोग होतो, परंतु ते लावून शिक्षकाने बाजूस बसू नये. दर वाक्यास थांबवून मुलांकडून प्रतिसाद घ्यावा.

५. वाक्याचा साचा

१९५० नंतरच्या दशकांत आपल्या देशात रचनापद्धतीचा पुष्कळ प्रसार झाला. केवळ साचे घोकविल्याने भाषा येत नाही, अशी तिच्यावर पुढे टीका झाली व ती योग्यच आहे. तथापि मोठ्या वर्गात सर्वांच्या तोंडून वाक्य काढून घेण्यास हे साधन आजही उपयुक्त आहे. फळ्यावर तीन रकाने करावेत. पहिल्यात आय, यू, वी, दे हे चार शब्द, दुसऱ्यात हॅव, तिसऱ्यात अ पेन, अ बॉल, अ बुक, अ बॅग, अ मँगो, अ सायकल. यांतून २४ वाक्ये तयार होतात. ही ओघवती झाल्यावरच ही व शी यांच्याबरोबर हॅज घ्यावा. त्याची १२ वाक्ये होतात.

मात्र साचा तेथेच सोडू नये. वाक्य खरे असावे असा आग्रह धरावा. ज्याच्या हाती चेंडू आहे त्यानेच "आय हॅव अ बॉल" म्हणावे. एका मुलाने पाठीमागे वस्तू लपवावी व इतरांनी "डू यू हॅव अ पेन?" असे विचारून ती ओळखावी. उत्तर जाणून घेण्याची खरी इच्छा निर्माण झाली, की तेच वाक्य दहा वेळा उच्चारूनही मुलांना कंटाळा येत नाही.

६. कामातून भाषा

प्रा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांतून एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाच्या क्रमाने पाठ न घेता मुलांपुढे एखादे कोडे अथवा काम ठेवावयाचे आणि ते इंग्रजीतून सोडवून घ्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. वेळापत्रके, नकाशे अशा साध्या साहित्याचा त्यात उपयोग करण्यात आला. मन अर्थाकडे लागलेले असते तेव्हा भाषेची रचना नकळत आत्मसात होते, हा त्यामागील विचार होय.

पाचवीपुढील वर्गांत हे सहज करता येते. गावाहून तालुक्यास जाणाऱ्या एस. टी. गाड्यांचे वेळापत्रक इंग्रजीत फळ्यावर लिहावे. "रमेश हॅज टू रीच द हॉस्पिटल ॲट टेन. विच बस कॅन ही टेक?" असा प्रश्न द्यावा. आठवडी बाजारातील भावांची यादी देऊन, पन्नास रुपयांत काय काय घेता येईल, हे विचारावे. उत्तर एका शब्दाचे आले तरी ते बरोबर मानावे. विचार इंग्रजीतून झाला, हे मोठे आहे.

७. वाचन आणि लेखन

देवनागरी शिकलेले मूल एक पक्की धारणा घेऊन येते, ती अशी की अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार. "क" म्हणजे क. इंग्रजीत तसे नाही. "सी-ए-टी" ही तीन नावे जोडून "कॅट" कधीच तयार होत नाही. मूळ अडचण येथे आहे. यास्तव अक्षरांच्या नावांची घोकंपट्टी करून न थांबता ध्वनी शिकवावेत, आणि शब्द कुटुंबाने द्यावेत. कॅट, बॅट, मॅट, रॅट, हॅट हे एक कुटुंब. मॅन, फॅन, पॅन, कॅन हे दुसरे. पहिले अक्षर बदलले की शब्द बदलतो, हे मुलास एकदा उमगले म्हणजे न शिकविलेला शब्दही ते स्वतः वाचते. "ॲ" या ध्वनीसाठी मराठीत आता स्वतंत्र चिन्ह रूढ आहे, त्याचा येथे लाभ घ्यावा. द, वॉज, वन, सेड यांसारखे शब्द नियमात बसत नाहीत. ते पट्ट्यांवर लिहून चित्राप्रमाणे ओळखावयास शिकवावे.

वाचनाची कसोटी नेहमी न पाहिलेल्या वाक्याने घ्यावी. पाठातील वाक्य मूल अनेकदा आठवणीने म्हणते, डोळे मात्र भलत्याच ओळीवर असतात. तेच शब्द नव्या क्रमाने फळ्यावर लिहिले की खरे काय ते कळते.

लेखनात लिपीचा भेद ध्यानी घ्यावा. आपली अक्षरे शिरोरेषेस लोंबतात. इंग्रजी अक्षरे खालच्या रेषेवर बसतात. चौरेघी वहीत कोणते अक्षर कोठे बसते, कोणते वर जाते व जी, जे, पी, क्यू, वाय ही लहान अक्षरे खाली कशी उतरतात, हे प्रत्यक्ष गिरवून दाखवावे. लहान अक्षरे आधी घ्यावीत, कारण छापील मजकुरात तीच सर्वाधिक येतात. लहान बी व लहान डी एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे घ्यावे. जे तोंडी आले नाही व वाचता आले नाही, ते लिहावयास देऊ नये.

८. मराठीचा उपयोग किती करावा?

इंग्रजीच्या तासास मराठीचा एकही शब्द नको, हा आग्रह व्यर्थ आहे. प्रत्येक वाक्याचे मराठी करून सांगणे हेही तितकेच घातक आहे. मुलांना अर्थ आयता मिळणार हे कळले, की ती इंग्रजी वाक्य ऐकतच नाहीत. वस्तू, कृती वा चित्र यांनी अर्थ सांगता येत असेल तर तसा सांगावा. त्याने पाच मिनिटे जाणार असतील, तर मराठीत एका शब्दात सांगून मोकळे व्हावे. खेळाचे नियम मराठीत, खेळ इंग्रजीत, अशी वाटणी सोयीची पडते.

मेळघाटातील कोरकू, खानदेशातील अहिराणी, पालघरकडील वारली अथवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलांना शाळेतील मराठी हीही नवीच असते. अशा ठिकाणी इंग्रजी ही तिसरी भाषा ठरते. मुलाने घरच्या बोलीतील शब्द सांगितला, तर तो चूक न म्हणता फळ्यावर लिहावा आणि त्याशेजारी इंग्रजी शब्द लिहावा. त्याची बोली शाळेत मान पावली, की मूल बोलू लागते.

९. चुका व बहुवर्ग अध्यापन

बोलताना मूल चुकले तर मध्येच अडवू नये. "ही गो टू मार्केट" असे ते म्हणाले, तर "येस, ही गोज टू द मार्केट" असे शिक्षकाने सहज म्हणावे. मुलाच्या कानी शुद्ध रूप पडते आणि त्याचा अपमानही होत नाही. हसणाऱ्या वर्गात एकदा खाली बसलेले मूल पुढे वर्षानुवर्षे तोंड उघडत नाही. लेखनातील चुका मात्र शांतपणे दाखवून दुरुस्त करून घ्याव्यात. त्यातही एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीकडे लक्ष द्यावे.

दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र सांभाळावे लागतात. तेथे तोंडी काम सर्व वर्गांचे एकत्र घ्यावे; पहिलीच्या मुलाने आज्ञा पाळावी, दुसरी-तिसरीच्या मुलाने उत्तर द्यावे, चौथीच्या मुलाने आज्ञा द्यावी. एकच खेळ, तीन पायऱ्या. त्यानंतर मोठ्या मुलांना शब्दपट्ट्या जुळविण्यास लावून शिक्षकाने लहानांकडे वळावे. आठवड्यातून एकदाच सलग दोन तास घेण्याऐवजी रोज वीस मिनिटे, तीही शक्य तर दहा-दहा मिनिटांच्या दोन भागांत, द्यावीत.

१०. वर्षअखेरीची पडताळणी

चौथीच्या अखेरीस प्रत्येक मुलाची पुढील गोष्टींत तोंडी पडताळणी करावी :

(१) नव्या जुळणीतील पाच आज्ञा पाळणे;
(२) स्वतःविषयी, घराविषयी व गावाविषयी पाच वाक्ये सांगणे;
(३) शिक्षकास वा सोबत्यास तीन प्रश्न विचारणे;
(४) न पाहिलेली पाच सोपी वाक्ये वाचून अर्थ सांगणे;
(५) औषधाचे वेष्टन, खताची पिशवी अथवा बसची पाटी यांवरील काही शब्द वाचणे;
(६) स्वतःचे नाव, गाव व तीन वाक्ये लिहिणे.

या सहा गोष्टी ज्या मुलास आल्या, त्याची शाळा दुर्दैवाने पुढे सुटली तरी त्याच्या हाती काही राहिले. आणि ते पुढे शिकत गेले, तर पाचवीच्या शिक्षकास पक्का पाया मिळाला. मार्च महिन्यात ही पडताळणी पालकांसमोर घ्यावी. आपले मूल अनोळखी वाक्य वाचते व त्याचा अर्थ स्वच्छ मराठीत सांगते, हे आईवडिलांनी स्वतः पाहिले, म्हणजे गावच्या शाळेविषयी त्यांना वेगळे काही सांगावे लागणार नाही.